सगळी पेटी कशी चुकेल?

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खुर्चीवर उभं राहून शाळेचा कर्णा दुरुस्त करताना. लग्न होऊन मी चोपड्याहून सुरतला आले होते आणि लिंबायतजवळच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायला गेले होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत पाऊल टाकलं तर वरून प्रश्न आला, "गाता येतं का?" मी म्हटलं, नाही येत. "बरं झालं," नाना खाली उतरत म्हणाले, "येतं म्हणणारे इथे ढीगभर आहेत. ऐकणारं माणूस हवं होतं." मला चांगलाच राग आला. नोकरीच्या पहिल्या दिवशी कागदपत्रं बघायची सोडून हे काय विचारणं झालं? पण आमचे मुख्याध्यापक श्री. तोताराम बोरसे, म्हणजेच नाना, या माणसाचा सगळा स्वभाव त्या प्रश्नात होता, हे हळूहळू कळत गेलं.

नाना आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या शाळेबद्दल, शिस्तीबद्दल, गोडादऱ्यात त्यांनी उभ्या केलेल्या वाचनालयाबद्दल या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहिणार आहे ते एका आवाजाबद्दल. माझ्या सासूबाईंचा हरवलेला आवाज नानांनी त्यांना परत मिळवून दिला. आमच्या घरावर कित्येक वर्षं एक मळभ होतं, ते गेलं. आता कसं हायसं वाटतं म्हणून सांगू! हे कधी एकदा सगळ्यांना सांगते असं मला झालं होतं, आणि संपादकांनी आयतीच संधी दिली.

आधी नानांच्या छंदाविषयी सांगायला हवं. स्वातंत्र्यापूर्वीची हिंदी सिनेमाची गाणी हा नानांचा जीव की प्राण. हे वेड त्यांना लागलं ते तरुणपणी अमळनेरला, फिरत्या तंबूतल्या सिनेमाच्या नोकरीत. खेळाआधी तंबूबाहेर गाण्यांच्या तबकड्या लावून लोक गोळा करायचे, हे नानांचं काम. वीज नव्हती, सगळं तेलाच्या इंजिनावर. इंजिन दमलं की पडद्यावरची नायिका बाप्यासारखी गायला लागायची आणि इंजिनाला जोर आला की नायकाचं मांजर व्हायचं. लोक पोट धरून हसत. नाना मात्र तेव्हाच एक गोष्ट शिकले, की आपण जो आवाज ऐकतो त्यात गळ्याचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे विचारल्याशिवाय कुणाला नावं ठेवू नयेत. ही शिकवण आमच्या किती कामाला येणार होती, ते पुढे येईलच.

निवृत्तीनंतर नानांनी गोडादऱ्याच्या आपल्या घरी रविवार सकाळची बैठक सुरू केली. चावीचा ग्रामोफोन, शेजारी बाजाची पेटी आणि समोर सतरंजी, एवढाच थाट. पुढची रांग लूमवर काम करणाऱ्यांसाठी राखीव. दिवसभराच्या खडखडाटानं त्यांचे कान बोथट झालेले असतात, म्हणून ते कर्ण्याजवळ बसणार आणि आमच्यासारखे खडूवाले मागे. एकदा पर्वत पाटियाचे एक मोठे कापडव्यापारी आले आणि सवयीनं पुढे जाऊन बसले. नानांनी हात जोडून त्यांना मागे यायला सांगितलं आणि कारणही सांगितलं. शेटजी मुकाट उठले, आणि मला वाटतं तेव्हापासूनच ते नियमित यायला लागले.

बैठकीचे नियम कडक. प्रत्येक तबकडीला नवी पिन. पिन उचलेपर्यंत वाहवा करायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे 'हल्लीच्या गाण्यांत काही राहिलं नाही' हे वाक्य त्या घरात उच्चारायचं नाही. जुन्या काळीही भरपूर रद्दी निघत होती असं नाना सांगतात, आणि अधूनमधून मुद्दाम ती रद्दी लावतात. चांगलं कशाला म्हणायचं हे त्याशिवाय कळायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. त्या काळच्या गोष्टी सांगायला लागले की नाना खुलतात. नट स्वतःच गायचे, वाजवणारे झाडाआड नाहीतर पडद्यामागे दडायचे, एखाद्याला शिंक आली की सगळं पहिल्यापासून. रंगभूमीवरून आलेल्या बायका अशा खुल्या गळ्यानं गायच्या की ध्वनियंत्र लांब ठेवावं लागे. पुढे पडद्यामागून दुसऱ्याच कुणी गाण्याची रीत आली, तेव्हा तबकडीवर गाणारणीचं नाव नसे, पडद्यावरच्या पात्राचं नाव असे. कितीतरी मुली अशा बिननावाच्या गाऊन गेल्या. हे सांगताना नाना दर वेळी हातातली तबकडी पुसून घेतात.

नानांचं सगळंच गोड आहे असं मात्र कुणी समजू नये. ते हट्टी आहेत, दुसऱ्याच्या घरचा चहा त्यांना कधी पसंत पडत नाही, आणि तबकडी उसनी मागणाऱ्याकडे ते असे बघतात की जणू त्यानं किडनीच मागितली. माझ्या मिस्टरांनी एकदा मागून पाहिली होती. पण प्लेगच्या साली अर्धं सुरत गावाकडे पळालं, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या नानांकडे होत्या. तोंडाला रुमाल बांधून ते रोज घरोघर जायचे, तुळशीला पाणी घालायचे, माठ पालथे करायचे, आणि जाता जाता प्रत्येकाच्या घरातलं बंद पडलेलं घड्याळही चालू करून ठेवायचे. आम्ही परतलो तेव्हा आमचं घड्याळ आयुष्यात पहिल्यांदा बरोबर वेळ दाखवत होतं.

आता माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही जिजी म्हणतो. जिजी गात नसत. शेजारपाजारच्या बायकांना हे फार खुपायचं, कारण आम्हा खानदेशी लोकांच्या घरी श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी सजवायची, रोट करायचे, रविवारी जागवायची आणि सोमवारी वाजतगाजत बोळवायची. त्यात गाणी नाहीत तर काय राहिलं? गळा असो नसो, प्रत्येक बाई गाते, मीसुद्धा रेकून घेते. जिजी मात्र नुसत्या टाळ्या वाजवत. कुणी आग्रह केला तर उठून आत जात. बायका म्हणत, शिष्ट आहे म्हातारी.

खरं काय ते मला सांगितलं माझ्या मिस्टरांच्या आत्यांनी. जिजींचे वडील एका नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. जिजी चौदा-पंधरा वर्षांच्या असताना ते त्यांना मुंबईला घेऊन गेले आणि एका सिनेमात त्यांचं एक गाणं झालं. साथीला पेटीवर वडीलच. तबकडीवर नाव अर्थातच नायिकेच्या मैत्रिणीचं. मग लग्न झालं. सासरच्या गावी पाटलांकडे ग्रामोफोन होता, कुणीतरी हौसेनं ती तबकडी आणली आणि नवी सून गाते म्हणून सगळं गाव अंगणात जमलं. तबकडी लागली आणि आतून असा चिरका, घाईघाईचा आवाज निघाला की अंगण हसत सुटलं. आत्या स्वतःही हसल्या होत्या, माझे सासरेही हसले. जिजी उठून आत गेल्या. त्यानंतर त्यांनी कधी तोंडातून सूर काढला नाही. स्वतःचा आवाज म्हणजे तोच, असं त्या धरून चालल्या. वडील लवकर गेले, नाही म्हणून सांगणारंही कुणी राहिलं नाही.

हे ऐकल्यापासून माझ्या मनाला ते लागून राहिलं. कानबाईत जिजींचे टाळ्या वाजवणारे हात बघवत नसत. शेवटी मी नानांना सगळं सांगितलं. आत्यांना मुखड्याचे चार शब्द आठवत होते, तेवढ्यावर ती तबकडी मिळेल का, असं विचारलं. मिळाली तर मी काय करणार होते देव जाणे. नानांनी शब्द दोनदा म्हणवून घेतले आणि विषय बदलला. मला वाटलं विसरले. पण जुन्या बाजारात, ओळखीपाळखीत, गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांकडे त्यांचं विचारणं चालूच होतं. अखेर कामरेजच्या एका ऊस-बागायतदाराच्या माळ्यावर जुन्या तबकड्यांचं खोकं निघालं आणि त्यात ती होती. नाना स्वतः बसनं जाऊन, मांडीवर उशी आणि उशीवर तबकडी ठेवून, ती घेऊन आले.

त्यांनी मला एकटीला बोलावलं. चावी दिली, पिन टेकवली. आणि काय सांगू, आत्या म्हणाल्या होत्या तसाच तो आवाज होता. चिरका, पातळ, मागे कुणी लागल्यासारखा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मला वाटलं होतं की गावंढळ लोक उगाच हसले असतील. ते उगाच हसले नव्हते तर. मी नानांना म्हटलं, राहू द्या, ठेवून द्या ही, जिजींना कळायलाही नको.

नानांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पेटी पुढे ओढली होती. पेटीच्या पट्ट्यांना आपल्याकडे काळी एक, काळी दोन, पांढरी तीन अशी नावं आहेत, आणि गाणारा ज्या पट्टीवर सा धरतो ती त्याची पट्टी. बैठकीआधी प्रत्येक तबकडीची पट्टी पेटीवर शोधून ठेवायची, ही नानांची पद्धत. ही तबकडी त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा पेटीवर बोट ठेवलं. सा पांढरी सहाच्या वर जात होता आणि काळी पाचला पोचत नव्हता. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता. मी म्हटलं, म्हणजे बेसूरच ना?

"बाई, गाणारं माणूस एखाद्या सुरात चुकेल," नाना म्हणाले. "पण तबकडीत मागे पेटी वाजतेय ना, तीसुद्धा तेवढीच सरकलेली आहे. सगळी पेटी कशी चुकेल?"

मग त्यांनी मला समजावून दिलं. पेटीचे सूर पितळेच्या पात्यांतून येतात, ते असे दोन पट्ट्यांच्या मध्ये जात नाहीत. गाणारी आणि पेटी दोघी मिळून सरकल्या असतील तर दोष वेगाचा. ही तबकडी भरतानाच यंत्र हळू फिरलेलं असणार, म्हणून नेहमीच्या वेगानं लावली की सगळंच वर चढतं आणि पळतं. ग्रामोफोनला वेग कमीजास्त करायचा काटा असतो. पण तो कुठे थांबवायचा? पांढरी सहावर? काळी चारवर? आणखी खाली? पट्टी तर गाणारणीलाच ठाऊक. म्हणजे जिजींना विचारणं आलं, आणि जिजींच्या पुढे तो विषय काढायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

नाना दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आले. जिजी गहू निवडत होत्या. नानांनी माझा चहा नावं न ठेवता प्यायला, तेव्हाच मी ओळखलं की त्यांनाही धाकधूक आहे. ते अहिराणीत बोलत राहिले, अमळनेरच्या तंबूबद्दल, तेलाच्या इंजिनाबद्दल, मांजर झालेल्या नायकाबद्दल. जिजी हसल्या. मग नानांनी काहीही न लपवता सांगितलं की तबकडी मिळाली आहे, त्यांच्या मते दोष यंत्राचा आहे, आणि त्यांना एकच गोष्ट हवी आहे, वडील कोणत्या पट्टीत वाजवायचे. जिजींचे हात सुपावर थांबले. मला वाटलं, आता उठून आत जाणार.

"काळी चार," जिजी म्हणाल्या. "दुसरीकडे त्यांची बोटंच वळायची नाहीत."

 ऐकायला येता का, असं नानांनी विचारलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. एकदा ऐकलंय, पुरे झालं. नानांनी आग्रह केला नाही. जाताना म्हणाले की त्यांच्या परवानगीशिवाय ती तबकडी त्या घरात वाजणार नाही, काळी चारवर लावूनसुद्धा ते स्वतः ऐकणार नाहीत. मला वाटलं, बोलायची पद्धत असते. पण नानांनी ते अक्षरशः पाळलं. हातात मिळालेली चीज, मनात पक्की खात्री, आणि हा माणूस आठवड्यांमागून आठवडे ती तशीच कपाटात ठेवून बसला. माझाच धीर सुटायचा. लावून बघा ना एकदा, मला तरी सांगा, म्हणून मी मागे लागायचे. नाना म्हणायचे, ज्याचा आवाज आहे त्यानं पहिला ऐकावा. कलावंताचा खरा मान ठेवणं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवसांत समजलं.

 मग एका दुपारी घरी पापड वाळत घालताना जिजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या की वडिलांची पेटी कधी चुकली नव्हती. मी नुसतं हं म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, तिकडे पाटलांच्या अंगणात पेटीही वाईटच वाजली होती, ते आपल्या इतकी वर्षं ध्यानात कसं आलं नाही. मग लुगडं बदलून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चल. मी पापड तसेच टाकले.

स्वतःसाठी त्या आल्या नसत्या, असं मला आजही वाटतं. वडिलांच्या पेटीवरचा बट्टा पुसायला त्या निघाल्या होत्या.

नानांनी दार उघडलं आणि लगेच कपाटातून तबकडी काढली. जिजींना पुढच्या रांगेच्या जागी बसवलं. नवी पिन लावली. मला भाता मारायला बसवलं. नानांच्या एका हाताचं बोट काळी चारवर, सूर अखंड धरलेला, आणि दुसरा हात वेगाच्या काट्यावर. तबकडी सुरू झाली ती त्याच चिरक्या आवाजात. जिजींनी डोळे मिटले, पदर मुठीत घट्ट धरला. मी भाता मारत राहिले. नाना काटा केसाकेसानं मागे घेत होते. गाणं उतरायला लागलं. आवाज भरत गेला, घाई निवत गेली, मागची पेटी खाली खाली येत नानांच्या पेटीजवळ आली आणि एका क्षणी दोन्ही पेट्या एकच झाल्या. नानांनी काट्यावरचा हात काढला.

आणि आम्ही ऐकला तो आवाज पोरसवदा होता खरा, पण गोल, भरीव, सावकाश चालणारा. कुठेही ओढाताण नाही. अंतऱ्यात एक तान होती, ती तर अशी अलगद समेवर आली की नानांनी स्वतःचाच नियम मोडून वाहवा म्हटलं. तबकडी संपली. पिन खरखरत राहिली, कुणी उचललीच नाही.

"हाऊ मना आवाज शे," जिजी म्हणाल्या. हा माझा आवाज आहे.

मग त्या रडल्या, आणि मी रडले, आणि नाना उठून उगाच खिडकी पुसायला लागले. रडून झाल्यावर जिजी हसल्या. असं हसणं मी त्यांचं पाहिलं नव्हतं, डोक्यावरची मोळी खाली टाकून बाई बसते ना, तसं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. सासऱ्यांबद्दल, गावाबद्दल एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांना तरी काय ठाऊक, त्यांनी जे वाजलं ते ऐकलं. घरी येताना पापडांची आठवण झाली. ते कावळ्यांनी नेले होते, आणि जिजींना त्याचंही हसू आलं.

त्या श्रावणात कानबाईच्या बोळवणीला सोमवारी सकाळी गल्ली भरली होती. बायकांनी सवयीनं गाणं उचललं आणि दुसऱ्या ओळीला मागून एक आवाज त्यांत मिसळला. वयानं खरखरीत झालेला, पण सुराला पक्का. एकेक बाई गप्प होत गेली. जिजी डोक्यावर पदर घेऊन गात होत्या, टाळ्या आम्ही वाजवत होतो. शिष्ट म्हणणाऱ्या शेजारणींनी त्यांना कानबाईच्या पुढे चालायला लावलं. नाना पेटी गळ्यात अडकवून, घामाघूम होत, पार पाण्यापर्यंत बरोबर आले होते. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसानं एवढं ओझं उचलू नये, असं मी म्हटलं तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नानांनी कितीतरी मुलं शिकवली, कितीतरी जुनी गाणी जपली. पण माणसाला दोष देण्याआधी यंत्र तपासा, ही त्यांची रीत मला सगळ्यांत मोठी वाटते. वर्गात मागे पडणाऱ्या पोराकडे मी आता तसंच बघते. त्याचा वेग कुणी चुकीचा लावला आहे का, हे आधी विचारते. पुष्कळदा उत्तर हो असं येतं.

नानांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, असं मीही लिहिणार होते. हा लेख जिजींना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी मला तिथेच अडवलं. त्या म्हणाल्या, नुसतं तसं लिहू नकोस, नीट बजावून लिही. वडील गेल्यावर दुसऱ्या कुणाच्या पेटीवर त्या गायल्या नव्हत्या, आता नानांच्या पेटीवर गातात, आणि यापुढे तिसऱ्या कुणाच्या पेटीवर गायचा त्यांचा विचार नाही. तेव्हा नानांनी गुडघ्यांना तेल लावावं, गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि दर श्रावणात काळी चार धरून आमच्या दारात हजर राहावं. ही शुभेच्छा नाही, आमच्या जिजींचा हुकूम आहे, आणि त्या आता गप्प बसणाऱ्यांतल्या राहिलेल्या नाहीत.